डोंगरमाथ्यावरची कणगी

अफगाणिस्तानचा विषय निघाला की एक निष्कर्ष आपोआप पुढ्यात येतो. या देशात जो घुसला तो बुडाला, आणि बुडाला तो तिथल्या डोंगरांमुळे. 'साम्राज्यांचं कबरस्तान' हे बिरुद वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापलं आहे की ते कधी तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. मराठी वाचकाला तर ते जरा जास्तच लवकर पटतं. डोंगर म्हटला की आपल्याला किल्ला दिसतो. कडा, माची, बालेकिल्ला आणि पायथ्याशी दमून बसलेली मोगली फौज. शाळेपासून मनात बसलेलं हे चित्र आपण उचलतो आणि जसंच्या तसं हिंदुकुशावर नेऊन ठेवतो. माझं म्हणणं असं की ते तिथे बसत नाही. हिंदुकुशाने तटाचं काम फारसं केलेलं नाही. जे काम तो हजारो वर्षं बिनबोभाट करत आला आहे, त्याच्याकडे मात्र लढायांच्या गोष्टींपायी आपलं लक्ष जात नाही. ते काम आहे पाणी साठवण्याचं. त्या देशात माणूस कुठे राहील, किती राहील, कोणत्या वर्षी उपाशी राहील आणि कधीमधी कोणतं सरकार डळमळेल, हे समजून घ्यायला खिंडींच्या नकाशापेक्षा बर्फाचा हिशेब जास्त उपयोगी पडतो.

आधी सह्याद्रीचा नमुना बाजूला करायला हवा. सह्याद्री बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसत गेले, म्हणून त्याचे माथे सपाट आणि कडे सरळसोट. सपाट माथ्यावर कातळात टाकं खोदलं की पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं आणि शिबंदी बारा महिने वर राहू शकते. किल्ला उभा राहतो तो या दोन सोयींवर. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर. काबूल शहराचे रस्ते सुमारे १,८०० मीटरवर. आपली उंची जिथे संपते त्याच्याही वर त्यांचा बाजार भरतो, आणि काबूल हे तिथल्या हिशेबात खोऱ्यातलं गाव. महाराष्ट्राच्या दुपटीहून थोड्या मोठ्या असलेल्या या देशाचा जवळपास निम्मा भाग २,००० मीटरच्या वर आहे. मधोमध कोह-ए-बाबाची रांग ५,००० मीटरपर्यंत चढते आणि ईशान्येला नोशाक ७,४९२ मीटरवर जातो. एवढ्या उंचीवर हिवाळ्यात शिबंदी सोडाच, मेंढरंही टिकत नाहीत. सह्याद्रीत संकट आलं की माणूस वर चढतो. हिंदुकुशात बर्फ पडू लागलं की सगळे खाली उतरतात, राखणारे आणि चालून येणारे दोघेही. वर कुणीच उरत नाही, तेव्हा किल्ला कुणाचा आणि कुणाविरुद्ध?

इतिहासही तटाच्या बाजूने फारशी साक्ष देत नाही. अलेक्झांडरने इसवी सनपूर्व ३२९ मध्ये बर्फ पुरतं वितळण्याआधीच हिंदुकुश ओलांडला आणि बाख्त्रियात उतरला. चंगीझखानाने १२२१ मध्ये बामियानचं खोरं उद्ध्वस्त केलं. बाबराने १५०४ मध्ये काबूल घेतलं, आणि पुढे दोन शतकांहून जास्त काळ, १७३८ मध्ये नादिरशहा येईपर्यंत, ते शहर मोगलांचा एक सुभा होतं. दिल्लीहून काबूलचा कारभार चालत होता ही गोष्ट 'अजिंक्य' म्हणणारे सोयीस्करपणे विसरतात. खैबर खिंडीचं नाव एवढं मोठं, पण तिचा माथा जेमतेम हजार-अकराशे मीटरचा. अहमदशहा अब्दालीच्या हिंदुस्थानावरच्या बहुतेक स्वाऱ्या ऐन हिवाळ्यात झाल्या. पानिपतचा दिवस १४ जानेवारीचा, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. वाट अडवणं हे या डोंगरांचं वैशिष्ट्य असतं तर मध्य आशियातून हिंदुस्थानात येणारे घोडे, भिक्षू, व्यापारी आणि सैन्यं इतक्या सातत्याने इथूनच कशी गेली असती?

या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते ती शाहजहानची बल्खची मोहीम. १६४६ मध्ये शाहजादा मुराद हिंदुकुश ओलांडून बल्खला पोचला आणि शहर फारसं न लढता हाती आलं. त्याचं मन तिथे रमलं नाही. तो परत फिरला आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी औरंगजेबाला पाठवण्यात आलं. औरंगजेब रणांगणात हरला नाही. पण उझबेकांनी समोरासमोरची लढाई टाळत मुलूख ओसाड करून ठेवला होता, धान्य मिळेना, आणि शरद ऋतू सरत आला तशी मागची वाट बर्फाने बंद होण्याची वेळ जवळ आली. शेवटी मोगलांनी बल्ख सोडलं आणि परतीच्या वाटेवर, थंडीत आणि हल्ल्यांत, हजारो माणसं आणि जनावरं गमावली. डोंगराने सैन्याला जाऊ दिलं, राहू दिलं नाही. वर्षातले किती महिने दाणागोटा पोचवता येईल, हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बर्फाकडे होतं. दक्षिणेत पुढे हाच माणूस पंचवीस वर्षं तळ ठोकून बसू शकला. बल्खमध्ये त्याला धड एक हिवाळा काढण्याची सोय नव्हती.

इथे कुणी हमखास १८४२ काढेल. त्या वर्षी ६ जानेवारीला साडेचार हजार सैनिक आणि सुमारे बारा हजार बाजारबुणगे असा इंग्रजांचा लोंढा काबूलमधून निघाला आणि आठवडाभरात खुर्द काबूलच्या घळीत व पुढच्या खिंडींत संपला. १३ जानेवारीला जलालाबादला डॉक्टर ब्रायडन तेवढा पोचला. ही गोष्ट खरी आहे, पण तिचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. त्याच वर्षी सप्टेंबरात जनरल पोलॉकची फौज त्याच खिंडींतून काबूलला गेली आणि तिथला मोठा बाजार जाळून परत आली. डोंगर तेच, वाट अडवणारी माणसंही बहुतांशी तीच. बदलला होता महिना आणि सेनापती. उलट दुसऱ्या अफगाण युद्धातला इंग्रजांचा सर्वांत मोठा पराभव, २७ जुलै १८८० चा मैवंदचा, कंदाहारच्या पश्चिमेला उघड्या मैदानावर झाला. तिथल्या अडीच हजारांच्या ब्रिगेडपैकी जवळपास हजार माणसं पडली, आणि त्या ब्रिगेडमध्ये मुंबई इलाख्याच्या पलटणीच जास्त होत्या. अलीकडचं पाहिलं तरी परदेशी सैनिक सर्वाधिक मेले ते हेलमंद प्रांतात: संगीन, मारजा, कालवे, द्राक्षमळे आणि मातीच्या भिंतींचा सपाट मुलूख. तालिबान १९९४ मध्ये कंदाहारच्या सपाटीवरून उठले आणि दोन वर्षांत काबूलला पोचले. पहाडातलं पंजशीर मात्र त्यांना त्या खेपेला शेवटपर्यंत घेता आलं नाही. पंजशीरने सोव्हिएत फौजांच्या एकामागोमाग एक मोहिमा पचवल्या, हे मी नाकारत नाही. अरुंद दरी आसरा देते. पण तो आसरा त्या दरीला मिळतो, देशाला मिळत नाही, आणि बऱ्याचदा तो काबूलमध्ये बसलेल्या आपल्याच सत्तेविरुद्ध वापरला जातो.

आता साठ्याकडे येऊ. काबूलला वर्षभरात पडणारं बर्फ आणि पाऊस मिळून सुमारे ३०० मिलिमीटर भरतात. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात पाच हजारांहून जास्त पडतो. आपला मान्सून अफगाणिस्तानपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. त्याची शेपटी फक्त पूर्वेकडच्या खोस्त, पक्तिया, कुनार, नूरिस्तान या पट्ट्याला लागते आणि देवदाराची जी काही जंगलं त्या देशात आहेत ती नेमकी तिथेच आहेत. बाकी सगळ्यांना जे मिळतं ते भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांतून, डिसेंबर ते एप्रिल या काळात. अडचण अशी की त्या महिन्यांत शेताला त्याचा उपयोग थोडा. गव्हाला, फळबागांना, द्राक्षांना पाणी हवं ते मे ते ऑगस्टमध्ये, जेव्हा आभाळातून थेंब पडत नाही. हिवाळ्यात आलेलं उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवणारं काहीतरी मध्ये असायला हवं. ते काम डोंगरमाथे करतात. सुगीचं धान्य कणगीत भरून ठेवावं आणि पुढे लागेल तसं काढावं, तसं हिवाळ्याचं पाणी तीन-चार हजार मीटरवर गोठून राहतं आणि ऊन चढेल तसं उतरत जातं. आपल्या घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी गावं आहेत, कारण तिथे ही मधली सोय नाही. ३०० मिलिमीटरचं काबूल शतकानुशतकं बागांसाठी नावाजलं गेलं ते याच सोयीवर. काबूल सोन्यावाचून चालेल, बर्फावाचून चालणार नाही, अशी तिथल्या लोकांत म्हण आहे. तिच्यात शौर्याचा उल्लेखही नाही.

या साठ्याची वाटणी कशी होते हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखं आहे. काबूलच्या पश्चिमेला कोह-ए-बाबा आणि त्याला लागून असलेल्या रांगांचा जो गुंता आहे, तिथून जवळजवळच्या उगमांतून पाणी चारी दिशांना निघतं. काबूल नदी पूर्वेला जाते आणि अटकेजवळ सिंधूला मिळते. ज्या अटकेचं नाव मराठ्यांनी १७५८ मध्ये आपल्या बोलण्यात कायमचं आणलं, तिथे या बर्फाचं पाणी रोज पोचतं. हेलमंद नैर्ऋत्येला हजार किलोमीटरहून जास्त वाहते आणि इराणच्या सीमेवर हामूनच्या उथळ तळ्यांत जिरून जाते. हरीरुद पश्चिमेला हेरातची शेती भिजवून उत्तरेला वळते आणि तुर्कमेनिस्तानच्या वाळूत नाहीशी होते. तिच्यावरच भारताने बांधून दिलेलं सलमा धरण २०१६ मध्ये सुरू झालं. बंद-ए-अमीरच्या निळ्या तळ्यांतून निघालेली बल्ख नदी तर आमूदर्यापर्यंत पोचण्याआधीच कालव्यांत वाटून संपते. थोडक्यात, एवढ्या नद्यांपैकी समुद्र बघते ती एकटी काबूल, तीही सिंधूच्या नावाने. बाकीच्यांचं पाणी शेतात, तळ्यात किंवा वाळूत मुरतं. हेरात, कंदाहार, बल्ख, काबूल ही जुनी शहरं या डोंगरगाभ्याच्या भोवती कडं करून बसली आहेत आणि मध्य रिकामं आहे. देशाचा मुख्य हमरस्ताही गोल फिरतो. डोंगर तट असता तर माणसं आत असती. इथे ती काठाला आहेत, जिथे पाणी खाली येतं तिथे.

या पाण्याभोवती जी समाजरचना उभी राहिली ती मला खिंडीतल्या कोणत्याही लढाईपेक्षा जास्त कुतूहलाची वाटते. तिथला शेतकरी जमिनीचे दोन भाग करतो: कालव्यावरची 'आबी' आणि पावसावरची 'ललमी'. प्रत्येक कालव्याला मीराब असतो; तो शेतकऱ्यांनीच नेमलेला, पाळ्या लावणारा, पाट उपसायला माणसं गोळा करणारा, आणि मेहनताना बहुधा धान्यात घेणारा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या जे करत आले त्याच जातीचं हे काम. दक्षिणेत जिथे नदी लांब पडते तिथे कारेज खोदतात: डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत विहीर घ्यायची आणि तिथून किंचित उताराचा बोगदा काही किलोमीटर नेऊन गावात उघडायचा. पंप नाही, वीज नाही, बाष्पीभवन नाही. कूची भटक्यांचं वर्षही याच वेळापत्रकावर चालत आलं. बर्फ ओसरलं की कळप मधल्या डोंगराळ हजारजातच्या कुरणांवर चढायचे आणि थंडीआधी सखल प्रदेशात उतरायचे. गेल्या पाच-सहा दशकांत काबूलमध्ये राजे, कम्युनिस्ट, मुजाहिदीन, तालिबान, प्रजासत्ताक येऊन गेले आणि पुन्हा तालिबान आले. मीराब बहुतेक ठिकाणी राहिला.

बर्फ चुकलं तर काय होतं, हे १९७०-७२ मध्ये दिसलं. लागोपाठचे हिवाळे कोरडे गेले, ललमी पिकं बुडाली, कळप मेले, आणि घोर व बादघीस या डोंगराळ प्रांतांत दुष्काळ पडला. धान्याची मदत आली, ती उशिरा आणि मध्येच झिरपत. राजा जहीरशहाच्या सरकारची उरलीसुरली पत त्यात गेली आणि जुलै १९७३ मध्ये राजा परदेशी असताना त्याच्याच चुलतभावाने, दाऊदखानाने, सत्ता घेतली. त्यानंतर १९७८ चा कम्युनिस्ट उठाव आणि १९७९ चं सोव्हिएत आक्रमण. साऱ्या उलथापालथीचं खापर दोन कोरड्या हिवाळ्यांवर फोडणं खुळेपणाचं होईल. दरबारातली भांडणं, शिकलेल्या तरुणांची बेकारी, मॉस्कोशी वाढती जवळीक, सगळं होतंच. पण भुकेच्या वर्षी जे सरकार उघडं पडलं ते उघडं पडण्याला बर्फाचं न पडणं कारणीभूत होतं, एवढं म्हणायला हरकत नसावी. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत ताफे उत्तरेकडून आले ते त्यांच्याच मदतीने १९६४ मध्ये उघडलेल्या सालांगच्या बोगद्यातून. अडीच किलोमीटरच्या त्या भोकापुढे 'तट' काही तासांचा प्रवास होऊन बसला होता.

यावर जरा जास्त धारदार आक्षेप असा येऊ शकतो की तटाचा नियतिवाद काढून मी बर्फाचा नियतिवाद आणून बसवतो आहे. शिवाय डोंगरांनी माणसं एकमेकांपासून तोडली, म्हणूनच तिथे इतक्या भाषा, इतके वंश आणि इतकं दुबळं राज्य, हे तर खरं ना? अर्धंच खरं. हजारजात कित्येक पिढ्या स्वायत्त राहिलं, पण अमीर अब्दुर रहमान खानाने १८९१ ते १८९३ या काळात ते बळाने मोडलं. पूर्वेकडचं काफिरिस्तान तर हजार वर्षं मुसलमान राज्यांच्या मध्ये आपले देव सांभाळून होतं; अमिराने १८९५-९६ च्या हिवाळ्यात चाल केली आणि थोड्याच दिवसांत त्याचं नूरिस्तान झालं. त्याने हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण खिंडी बर्फाने बुजल्यावर लोकांना पळून जायला वाट राहणार नव्हती. ज्या बर्फाने औरंगजेबाला बल्ख सोडायला लावलं तेच बर्फ इथे राज्याच्या बाजूने लढलं. म्हणजे बर्फ कुणाचा पक्ष घेत नाही. ते मर्यादा घालतं, आणि त्या मर्यादेत काय करायचं ते माणसं ठरवतात. हेलमंदचंच पाहा. कजाकीचं धरण १९५३ मध्ये अमेरिकी कंपनीच्या हातून पूर्ण झालं, मारजा आणि नाद-ए-अलीला कालवे गेले, पण निचऱ्याकडे हयगय झाल्याने बऱ्याच जमिनी पाणथळ आणि खारट झाल्या. पाणी होतं, शहाणपण कमी पडलं. इराणशी १९७३ मध्ये करार झाला, सामान्य वर्षात सेकंदाला एकूण २६ घनमीटर पाणी द्यायचं. सामान्य वर्ष कशाला म्हणायचं यावर दोन्ही देशांचं अजून जमत नाही, आणि मे २०२३ मध्ये हामूनच्या आसपास सीमेवर गोळीबारही झाला.

डोंगर फक्त देतो असंही नाही. हिंदुकुशाखाली दीड-दोनशे किलोमीटर खोलवर भूकवचाची एक पट्टी जवळजवळ उभी लोंबते आहे. तिथला धक्का, जसा २६ ऑक्टोबर २०१५ चा ७.५ तीव्रतेचा, दिल्लीपर्यंत पंखे हलवतो. उथळ भूकंप लांबवर जाणवत नाहीत, पण तेच जास्त मारतात: २०२२ मध्ये पक्तिका, २०२३ मध्ये हेरात, २०२५ मध्ये कुनार. मातीच्या घरांच्या देशात भूकंपाची तीव्रता सहाच्या आसपास असली तरी पुरे होते.

या घडीला मला काळजी वाटते ती मात्र साठ्याची. तापमान वाढतं तसा हिवाळ्यातला काही हिस्सा बर्फाऐवजी पाऊस होऊन पडतो आणि लगेच वाहून जातो. जे बर्फ साठतं तेही लवकर वितळतं. काहीजण म्हणतील, जास्त वितळलं तर नद्यांना जास्त पाणी. काही वर्षं, हो, आणि तेही वसंतात, पुराच्या रूपाने. मे २०२४ मध्ये बघलानमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यांनी शेकडो माणसं नेली. ऑगस्टमध्ये मक्याला आणि द्राक्षांना पाणी हवं असतं तेव्हा तो लोंढा कामाचा नसतो. काबूलमध्ये लाखोंची भर पडली आहे आणि विहिरी वर्षागणिक खोल जात आहेत. डोंगराने जे फुकट केलं ते आता काँक्रीटने करायचं तर धरणं हवीत, आणि प्रत्येक धरणाच्या खाली दुसरा देश आहे. आमूदर्यातून काढायला घेतलेला २८५ किलोमीटरचा कोश तेपा कालवा उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानला झोप लागू देत नाही. कुनारवर धरणं बांधण्याची भाषा काबूलमधलं सरकार करतं, तेव्हा पाकिस्तानात अस्वस्थता पसरते. कुनारचा उगम पाकिस्तानातल्या चित्रालच्या हिमनद्यांत. ती अफगाणिस्तानात उतरते, जलालाबादजवळ काबूल नदीला मिळते आणि तिच्यासोबत पुन्हा पाकिस्तानात जाते. वरचा कोण आणि खालचा कोण, हे दोघांनाही आपल्या सोयीने म्हणता येतं. हेलमंदसाठी निदान १९७३ चा एक कागद भांडायला तरी आहे. काबूल आणि कुनारच्या पाण्याबद्दल या दोन देशांमध्ये आजवर एकही करार झालेला नाही.